पुष्पोत्सवासाठी विषयबाग: मुलांनीच आखायची, मुलांनीच उभी करायची

नाशिकरोडच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते आणि राष्ट्रीय हरित सेनेचं, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण मंडळाचं, काम पाहते. थंडी ओसरू लागली की राजीव गांधी भवनात महापालिकेचा पुष्पोत्सव भरतो. त्याच सुमारास कॉलेजांची आणि सोसायट्यांची लहान प्रदर्शनंही लागतात. गुलाब, बोन्साय, तबक उद्यान, सजवलेल्या कुंड्या हे सगळं तिथं दरवर्षी बघायला मिळतं. पण दहा बाय दहा फुटांच्या जागेत मुलांनी स्वतः आखलेली, स्वतः वाढवलेल्या झाडांची अख्खी बाग उभी राहते तेव्हा तिच्यासमोर लोक जास्त वेळ थांबतात, प्रश्न विचारतात. हे काम कोणत्याही शाळेला जमण्यासारखं आहे. त्याला साधारण पाच महिने, एक जबाबदार शिक्षक आणि बारा-पंधरा मुलं लागतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विषय झाडांनी सांगायचा. फलक, कटआउट, रंगवलेले पुतळे यांनी सांगितलेला विषय म्हणजे देखावा, बाग नव्हे. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहेच. पण बंदी नसती तरी मी तो वापरू दिला नसता. मुलांच्या हातून फूल उमलवण्याची ही संधी आहे, ती कातरकामात का घालवायची?

विषय बारीक करत न्या

मुलांना विषय विचारला की पहिल्या फेरीत "पाणी वाचवा", "निसर्ग आपला मित्र", "गोदामाई" अशी उत्तरं येतात. ती फळ्यावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येकापुढं तीन प्रश्न टाकावेत: ही बाग कोणाची? कुठली? आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यातली? या प्रश्नांनी विषय आपोआप लहान होतो. आमच्याकडं "गोदामाई"पासून निघालेली चर्चा "पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं परसदार, माघ महिन्यातलं" इथं येऊन थांबली, आणि मुलांचे डोळे चमकले, कारण आता काय काय लावायचं ते त्यांना दिसायला लागलं होतं.

मग मुलांना घरी आजी-आजोबांकडं पाठवलं. विचारायचं एवढंच, की तुमच्या परसात कोणतं झाड कुठं होतं आणि तिथंच का होतं. जे हाती आलं ते कोणत्याही पुस्तकात मिळालं नसतं. मोरीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं अळू, कारण त्याला पाय सतत ओले लागतात. अळूच्या पुढं केळ, उरलेलं पाणी तिला. गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण सकाळी चहा उकळायला लागल्यावर दोन पाती तोडायला लांब कोण जाणार? कढीलिंब त्याच्या शेजारी. जास्वंद आणि तगर पूजेसाठी, म्हणजे हात पोचेल अशा उंचीवर. कुंपणावर गोकर्ण. तुळस मधोमध, उन्हात, तिच्याभोवती फिरता येईल एवढी जागा सोडून. प्रत्येक झाडाच्या जागेमागं कारण होतं, आणि ती कारणं ओळीनं मांडली की बागेचा आराखडाच तयार झाला.

महिन्याचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. मुलांना मोगरा हवाच असतो, पण नाशिकच्या फेब्रुवारीत मोगरा फुलत नाही, तो उन्हाळ्यात बहरतो. तो नुसत्या पानांचा ठेवावा आणि शेजारच्या पाटीवर तसं लिहावं. प्लॅस्टिकची फुलं अडकवू नयेत. तुळसही थंडीत झडते, काडी काडी दिसते. डिसेंबरपासून तिच्या मंजिऱ्या खुडत राहायचं आणि कुंडी भिंतीच्या उबेला ठेवायची, म्हणजे ती पानांनी भरलेली राहते.

दुसरे विषयही सुचवते. नाशिकचं मोगल काळातलं नाव गुलशनाबाद, त्यावरून चारबाग घेता येते. चौकोनी जागेचे चार समान भाग, मधून अधिकच्या (+) चिन्हासारखा छेद देणारे पाण्याचे दोन पाट, मध्यात छोटं कुंड आणि चारही चौकांत गुलाब. दहा बाय दहाच्या चौकोनाला ही रचना चपखल बसते आणि मुलांना सममिती हाताने शिकता येते. द्राक्ष आणि गुलाब हाही आपल्या मातीतला विषय: युरोपातल्या द्राक्षबागांत ओळीच्या टोकाला गुलाब लावायची जुनी पद्धत आहे, भुरी रोगाची चाहूल गुलाबावर आधी लागते असा तिथल्या शेतकऱ्यांचा समज. निफाड-दिंडोरीकडची मुलं वर्गात असतील तर भुरीबद्दल ती तुम्हालाच शिकवतील. ऑक्टोबर छाटणीत निघालेल्या काड्या जपून ठेवल्या तर मांडव त्यांचाच बांधता येतो.

नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ घ्यायचं असेल तर पक्षी नाहीत म्हणून हिरमुसू नका. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही जागा 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तिथं पक्षी येतात ते पाण्यासाठी आणि काठच्या गवतासाठी. मग बागेत उथळ पाणी, पाणकणीस, लव्हाळा आणि ओला चिखल दाखवा. पक्षी कुठं उतरतील हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

एक मात्र नक्की पाळा. अंजनेरीसारख्या डोंगरावरून किंवा राखीव जागेतून कोणतंही झाड उपटून आणायचं नाही. अंजनेरीवर सेरोपेजिया या कंदवर्गीय रानफुलाची एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. प्रदर्शनाच्या दिवसांत तिचा कंद जमिनीखाली निजलेला असतो. तो खणून आणणं म्हणजे ती जात संपवायला हातभार लावणं. जंगली झाडं दाखवायची असतील तर मुलांनी काढलेलं चित्र लावा.

विषय ठरला की तो चार-पाच ओळींत लिहून काढायचा: बाग कोणाची, कुठली, कधीची, आणि बघणाऱ्याला तिथं काय जाणवावं. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये मोठमोठ्या बागकारांनाही असा मजकूर आधी द्यावा लागतो, आणि परीक्षक बाग त्या मजकुराशी ताडून बघतात. आम्ही तो मजकूर वर्गाच्या दारावर चिकटवतो. नंतर कोणी "इथं एक कारंजं लावू या का मॅडम?" म्हणालं की मी नुसती दाराकडं बघते. वाड्याच्या परसात कारंजं नसतं, हे मुलंच एकमेकांना सांगतात.

जागा आधी बघून या

नियमपत्रिका पूर्ण वाचा आणि आयोजकांना हे विचारा: जागेचं नेमकं माप किती, बाग किती बाजूंनी दिसणार, पाणी कुठून घ्यायचं, वीज मिळेल का, टेम्पो कुठपर्यंत येईल आणि मांडायला किती तास आहेत. बहुतेक ठिकाणी खणता येत नाही. बाग फरशीवर किंवा डांबरावर उभी करायची असं धरूनच चाला. दुपारी ऊन कुठून येतं तेही त्याच वेळी जाऊन बघा आणि कागदावर बाण काढून ठेवा.

कागद, पुठ्ठा, फक्की

आलेख कागदावर 1 सेंटिमीटरला 20 सेंटिमीटर हे प्रमाण घ्या. तीन मीटरची बाजू 15 सेंटिमीटरची होते, वहीच्या पानावर मावते. झाडांसाठी रंगीत पुठ्ठ्याचे गोल कापायचे. गोलाचा आकार रोपाच्या आजच्या मापाचा न घेता प्रदर्शनाच्या दिवशी ते जेवढं पसरलेलं असेल तेवढा घ्यायचा. हे गोल कागदावर सरकवत बसण्यात मुलांचे दोन-तीन तास सहज जातात. जाऊ द्यावेत. याच वेळी भांडणं होऊन मिटली तर मांडणीच्या दिवशी होत नाहीत.

एकाच जातीची रोपं एकेक करून विखुरली तर काहीच ठसत नाही. तीन, पाच, सात असे पुंजके करा आणि पुंजक्यांच्या कडा एकमेकांत शिरू द्या. रंग तीनच्या वर नेऊ नका, हिरवा सोडून. पांढरा दुपारच्या उन्हात फिका वाटतो, पण प्रदर्शनाला गर्दी होते ती संध्याकाळी, आणि तेव्हा पांढरी फुलंच सगळ्यात उठून दिसतात. म्हणून वाटेच्या कडेला मी नेहमी पांढरं ॲलिसम सुचवते.

आराखडा पक्का वाटला की शाळेच्या मैदानावर फक्कीनं खऱ्या मापाचा चौकोन आखा. विटा, बाकं, बादल्या झाडांच्या जागी ठेवा. मग एका मुलाला परीक्षकाच्या उंचीवर उभं करा आणि पाचवीतल्या एकाला त्याच्या उंचीवरून बघायला सांगा. कागदावर सुंदर दिसणारी केळ प्रत्यक्षात तुळशीला झाकते, हे तिथं कळतं. चौकोन दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता इतर वर्गातली मुलं बोलतात, त्यातलं निम्मं तरी उपयोगाचं असतं.

आता मोजणी. सहा इंची कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर एका चौरस मीटरमध्ये चाळीसच्या वर बसतात. पण रोपं पसरलेली असतील तर तीस-पस्तीस पुरतात. फुलांची जागा तीन चौरस मीटर धरली तर साधारण शंभर रोपं होतात. त्यावर वीस टक्के जास्तीची वाढवा. काही मरतात, काही वेळेवर फुलत नाहीत, काही टेम्पोत मोडतात.

फुलं वेळेवर आणणं

या कामातला खरा अभ्यास हाच, म्हणून याबद्दल सविस्तर सांगते. प्रदर्शनाची तारीख कळली की कॅलेंडरवर उलटं मोजायचं. इथं मी फेब्रुवारीचा मध्य धरते. तारीख पुढं-मागं झाली तर सगळं त्या हिशेबानं सरकवा.

पिटुनिया, पॅन्सी आणि स्नॅपड्रॅगन सगळ्यात सावकाश चालतात. बी टाकल्यापासून भर फुलावर यायला तेरा-चौदा आठवडे लागतात, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा खाली गेला की वाढ आणखी मंदावते. म्हणून यांचं बी दसरा-दिवाळीच्या दरम्यान, ऑक्टोबर संपायच्या आत टाका. साल्व्हिया आणि उंच आफ्रिकन झेंडू नोव्हेंबरच्या मध्याला. बुटका फ्रेंच झेंडू आणि ॲलिसम लवकर येतात, त्यांना डिसेंबरचा पहिला पंधरवडा पुरतो. मी झेंडूचं बी दहा दिवसांच्या अंतरानं दोन वेळा टाकायला लावते. थंडी जास्त पडली तर पहिला हप्ता कामाला येतो, कमी पडली तर दुसरा.

पिटुनियाचं बी इतकं बारीक असतं की चिमटीत किती आलं ते कळत नाही. ते चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळा आणि ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरा. वर माती टाकू नका, या बियाण्याला उगवायला उजेड लागतो. ट्रेवर काच किंवा पारदर्शक कागद ठेवा, पाणी ट्रेच्या खालून द्या. वरून झारी मारली की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. आठवड्याभरात हिरवी लव दिसते, तेव्हा कागद काढायचा. दोन खरी पानं आली की रोपं 98 खान्यांच्या प्रो-ट्रेमध्ये न्यायची. रोप उचलताना पानाला धरा, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं, देठ चिरडला तर रोप गेलं. लहान मुलींची बोटं या कामात फार हलकी चालतात. आमच्याकडं सहावीतल्या मुलींना हे काम द्यायचं असं आता ठरूनच गेलं आहे.

कुंड्यांसाठी एक भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट. नुसती काळी माती घेऊ नका, ती पाणी धरते आणि वजनही फार होतं. रोप सहा-आठ पानांचं झालं की शेंडा खुडायचा. खुडलं की फुटवे येतात, फुटव्यांवर फुलं येतात. मुलांना पहिल्यांदा हे जिवावर येतं. पण शेवटचं खुडणं प्रदर्शनाच्या आधी पाच आठवड्यांवर थांबवा. त्यानंतर खुडलेलं रोप वेळेत फुलत नाही.

खतासाठी शोधाशोध नको. वर्गात शेतकऱ्याचं एखादं तरी मूल असतंच, आणि त्याच्या घरी एकोणीस-एकोणीस-एकोणीसची, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश समान असलेल्या विद्राव्य खताची, पिशवी असते. लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कळ्या दिसल्या की झिरो-बावन्न-चौतीस, म्हणजे नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत, त्याच प्रमाणात. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी खत बंद. मावा आणि फुलकिड्यांसाठी पिवळे-निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क यांवर भागवा. मुलं रोज हाताळणार आहेत त्या झाडांवर रासायनिक फवारणी मी करू देत नाही, आणि यात तडजोड नको. रात्री फार गार पडणार असेल तर क्रॉप कव्हर टाका आणि सकाळी ऊन आल्यावर काढा.

गुलाब हवे असतील तर रोपं बागेतलीच किंवा नर्सरीतून पावसाळ्यात आणून कुंडीत रुळवलेली घ्या. छाटणीपासून फुलापर्यंत पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस जातात, म्हणजे छाटणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. निम्म्या कुंड्या 22-23 तारखेला आणि निम्म्या पाच-सहा दिवसांनी छाटा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या) जरा वर, तिरका. डोळा आतल्या बाजूचा ठेवला तर फांद्या झुडपाच्या पोटात घुसतात.

केळ, अळू, कढीलिंब यांसारखी मोठी झाडं पाच महिन्यांत मनासारखी होत नाहीत. ती गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांतून आणा, किंवा पालकांच्या घरून उसनी घ्या. उसन्या कुंडीवर मालकाचं नाव लिहायला विसरू नका.

उंची आणि पाणी

सपाट बाग फोटोतसुद्धा सपाटच दिसते. पण उंचीसाठी माती आणायला गेलात तर हिशेब करा: तीन बाय तीन मीटरवर अर्धा फूट मातीचा थर म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन. छोटा हत्ती असेल तर तीन खेपा, आणि नंतर ते सगळं उचलायचंही. त्यापेक्षा टोमॅटोचे प्लॅस्टिक क्रेट घ्या. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो याच क्रेटमधून जातो, आणि फेब्रुवारीत शेतकऱ्याकडं रिकामे क्रेट बऱ्याचदा पडून असतात. क्रेट पालथे घाला, मागच्या ओळीत दोन थर, मधल्या ओळीत एक, पुढं काहीच नाही. फटींत विटा घालून हलवून बघा. एका मुलानं त्यावर उभं राहून डुगडुगलं नाही तर पक्कं. वरून बारदान अंथरा, त्यावर कुंड्या मांडा, आणि कुंड्यांच्या कडा झाकतील एवढं भिजवलेलं कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचं खत भरा. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून साधारण सत्तर लिटर होते. चार चौरस मीटरवर दोन इंचांचा थर द्यायला अशा तीन विटा लागतात.

रोपं कुंडीतून काढून लावायची नाहीत. मुळं दुखावली की दुसऱ्या दुपारी फुलं माना टाकतात. कुंड्या तशाच बुजवा. पुढच्या ओळीतल्या कुंड्या बघणाऱ्याच्या बाजूला किंचित कलत्या ठेवा, मागं एक कौलाचा तुकडा सरकवून. एवढ्यानं फुलांचं तोंड लोकांकडं येतं आणि कुंडीची मागची कड दिसेनाशी होते. ही कलती ओळ मुलांना करून दाखवा. ती आली की अर्धी बाग जमली.

पाण्यासाठी शेततळ्याचा जाड प्लॅस्टिकचा कागद सगळ्यात टिकाऊ. नवा आणण्याआधी गावाकडच्या पालकांना विचारा, तुकडे उरलेले असतात. माप काढायची रीत अशी: लांबीत खोलीची दुप्पट मिळवा, आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट कड धरा. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि नऊ इंच खोल खड्ड्यासाठी साडेसात बाय साडेसहा फुटांचा तुकडा. खणता येत नसल्यानं कडेला विटांची भिंत रचून टाकी करायची आणि कड काळ्या दगडांनी झाकायची. परसदारात आम्हाला तळं नको होतं. मोरीतून अळूकडं झिरपणारी ओल हवी होती. कपडे धुवायचा दगड, त्याखाली कागदानं मढवलेला उथळ पाट आणि पाटाच्या शेवटी अळूच्या कुंड्या पाण्यात बसवलेल्या. पाणी फिरवायला कूलरचा छोटा पंप पुरतो. विजेचं काम मात्र माहितगार वायरमनकडूनच करून घ्या, जोडणीत ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) असायलाच हवा, आणि वायर पाण्यातून किंवा वाटेवरून जाऊ देऊ नका. हे होत नसेल तर पंप वगळा, झारीनं दगड ओला ठेवला तरी भागतं.

मांडणीचा दिवस

आदल्या संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी द्या, सकाळी देऊ नका. ओल्या कुंड्या जड होतात आणि टेम्पोत चिखल होतो. फुलं चढवताना कुंड्या क्रेटमध्ये उभ्या बसवा, मधल्या फटींत वर्तमानपत्र कोंबा. जी वस्तू सगळ्यात शेवटी लागणार ती टेम्पोत सगळ्यात आधी भरायची.

जागेवर काम मागून पुढं चालतं. आधी चौकोन आखायचा, फरशीवर ताडपत्री टाकायची, मग दगड, भिंत, मांडव अशा जड गोष्टी. त्यानंतर क्रेट. मग केळ-कढीलिंबासारखी मोठी झाडं. पाणी भरून गळती तपासायची ती याच टप्प्यावर, फुलं मांडून झाल्यावर नव्हे. शेवटी फुलं आणि कोकोपीट. मुलांच्या तीन तुकड्या करा: एक आत मांडणारी, एक टेम्पोपासून जागेपर्यंत देणारी, एक फक्त साफसफाई आणि मोजणी करणारी. आत एका वेळी चारच्या वर मुलं नकोत. आराखड्याचा कागद एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असू द्या आणि त्या दिवशी शेवटचा शब्द तिचा. शिक्षकानं बाहेर उभं राहावं. मला हे सुरुवातीपासून महत्त्वाचं वाटत आलं आहे, कारण मोठ्या माणसानं एकदा कुंडी सरकवली की मुलं प्रत्येक कुंडीसाठी त्याच्या तोंडाकडं बघू लागतात.

मांडून झालं की वाळलेली फुलं आणि पिवळी पानं काढा, केळीची आणि अळूची पानं ओल्या फडक्यानं पुसा, कुंडीचा एकही काठ दिसतोय का ते चारही बाजूंनी फिरून बघा. पाटीवर झाडाचं मराठी नाव, त्याखाली शास्त्रीय नाव आणि एका ओळीत ते तिथं का आहे ते. "अळू: मोरीचं पाणी पितो." एवढं पुरे.

परीक्षक आणि लोक

परीक्षकांपुढं पाठ केलेलं भाषण नको. आदल्या आठवड्यात एक खेळ खेळा: कोणत्याही झाडावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे इथंच का?" ज्याला उत्तर येत नाही त्यानं ज्या मुलानं ते लावलं त्याच्याकडून समजून घ्यायचं. असं झालं की कोणतंही मूल कोणत्याही झाडाबद्दल बोलू शकतं. आमच्या परसदारापाशी एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "गवती चहाशेजारी पुदिना कुठंय गं?" आठवीतली मुलगी म्हणाली, "आजी, आमच्या कोणाच्याच आजीनं सांगितला नाही, तुमच्याकडं कुठं असायचा?" आणि वहीत लिहून घेतलं. तो प्रसंग मला बक्षिसाच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रदर्शनाच्या दिवसांत पाणी सकाळी उजाडता द्या आणि बुडाशी द्या. पिटुनियाच्या पाकळीवर पाणी पडलं की डाग उठतात. रोज संध्याकाळी गर्दी सरल्यावर सुकलेली फुलं काढा आणि जास्तीच्या वीस टक्क्यांतली ताजी रोपं आत घाला. पाळीला असलेल्या मुलांना सावली, डबा आणि दोन तासांनी बदली मिळेल हे आधीच ठरवा. फेब्रुवारीतही दुपारचं ऊन चटका देतं.

मोडणीचा आराखडा मांडणीच्या आराखड्यासोबतच करा. कोणती कुंडी कोणाकडं जाणार ते कुंडीच्या बुडाला लिहिलेलं असलं की सगळं दोन तासांत उचललं जातं. उसनं आणलेलं आधी परत, क्रेट धुऊन. हंगामी फुलझाडं मुलांना वाटा, ती अजून महिनाभर फुलतात. कढीलिंब, जास्वंद, गवती चहा शाळेच्या आवारात जमिनीत लावा. केळही लावा, हात धुवायच्या नळाखाली. देशी झेंडूची फुलं झाडावरच सुकू द्या आणि बी कागदी पाकिटात नाव-महिना लिहून ठेवा. संकरित झेंडूचं बी मात्र ठेवू नका, पुढच्या पिढीत तो तसाच उतरत नाही. कोकोपीट आणि पालापाचोळा खताच्या खड्ड्यात जाऊ द्या, ऑक्टोबरात तोच कुंड्यांत भरता येतो.